इंग्रजी वाचनाची पहिली पायरी : दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्या संदर्भात एक विचार

भारतातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा वरच्या पायऱ्यांवर खिळलेली असते. मेकॉलेचे १८३५ चे टिपण, वुडचा १८५४ चा खलिता, १८५७ साली स्थापन झालेली तीन विद्यापीठे, इंग्रजी वाङ्मयाच्या परिशीलनातून घडलेली नवशिक्षितांची पिढी या मुद्द्यांची चर्चा विपुल झालेली आहे. परंतु ज्या व्यक्तीने रोमन अक्षर प्रथमच पाहिले, ते ओळखले, आणि पुढे एखादी सूचना, एखादे पत्र किंवा वर्तमानपत्रातील चार ओळी अडखळत का होईना वाचल्या, त्या नवशिक्याचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. मिल्टन वाचणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद सरकारी अहवालांत सापडते. दुसऱ्या पुस्तकाशीच शिक्षण थांबलेल्या विद्यार्थ्याची नोंद केवळ गळतीच्या आकड्यात होते. वस्तुतः संख्येने हा दुसरा वर्गच नेहमी मोठा राहिलेला आहे.

या वर्गाच्या दृष्टीने एक प्रश्न मूलभूत ठरतो. अपुरे राहिलेले इंग्रजी शिक्षण त्याच्या पदरात नेमके काय टाकते? डाक्का येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा प्रश्न विमा व्यवसायातील एका संज्ञेच्या आधारे मांडला. मुदतीपूर्वी बंद केलेल्या विम्याची जशी काही 'सरेंडर व्हॅल्यू' असते, तशी ती अर्धवट सोडलेल्या अभ्यासक्रमालाही असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हा निकष हाती घेऊन दिल्ली आणि महाराष्ट्र येथील आरंभीच्या इंग्रजी वाचनाचा मागोवा घेतला असता काय दिसते, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

१. दोन शहरे, एक सत्तांतर

दिल्ली आणि पुणे या दोन शहरांची या संदर्भात तुलना करण्यास ऐतिहासिक आधार आहे. दोन्ही शहरे मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेली. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पलीकडे पटपडगंज येथे जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि बादशहा शाहआलम शिंद्यांच्या संरक्षणातून कंपनीच्या संरक्षणाखाली आला. पुण्यात १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला. दोन्ही ठिकाणी नव्या सत्तेने आरंभी जुन्या विद्येला आश्रय देण्याचे धोरण स्वीकारले. पुण्यात १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दिल्लीत अजमेरी दरवाजाबाहेरील गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशात १८२५ साली दिल्ली कॉलेजची स्थापना झाली. दोन्ही संस्थांत इंग्रजीचा प्रवेश नंतर झाला आणि तो बिनविरोध झाला नाही.

दिल्लीत चार्ल्स मेटकाफ यांच्या सूचनेवरून १८२८ मध्ये इंग्रजीचा वर्ग उघडण्यात आला. या वर्गाविषयी शहरात संशय होता. सरकार इंग्रजीच्या मार्गाने धर्मांतर घडवू पाहते, ही भीती हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांत होती. अवधच्या दरबारी मंत्रिपद भूषविलेले नवाब एतमादुद्दौला यांनी १८२९ मध्ये संस्थेस एक लाख सत्तर हजार रुपयांची देणगी दिली, ती अरबी-फारसी विद्येसाठी, इंग्रजीसाठी नव्हे. त्यामुळे इंग्रजी विभाग व पौर्वात्य विभाग ही दोन अंगे एका छत्राखाली, पण बऱ्याच अंशी परस्परांपासून अलग अशी वाढली.

२. दिल्ली कॉलेजातील नवशिका

या वर्गातील पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे मोहनलाल काश्मिरी. वर्ग सुरू होऊन चार वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी अलेक्झांडर बर्न्स यांच्या बुखाऱ्याच्या प्रवासात ते सहभागी झाले आणि त्या प्रवासाचे इंग्रजी वृत्त १८३४ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. त्याच वर्गातील शहामत अली यांनीही पुढे इंग्रजीत ग्रंथलेखन केले. मास्टर रामचंद्र यांचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. १८२१ मध्ये पानिपत येथे जन्मलेला हा गरीब घरातील मुलगा १८३३ मध्ये दिल्लीच्या इंग्रजी शाळेत दाखल झाला, आणि १८४४ मध्ये तेथेच अध्यापक झाला. मराठी वाचकाला पानिपत हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे; भारतीय गणिताच्या इतिहासात ते रामचंद्रांमुळे आले. महत्तम व लघुत्तम मूल्यांच्या प्रश्नांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८५० मध्ये निघाला आणि ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या पुढाकाराने १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापला गेला.

तथापि या यशस्वी विद्यार्थ्यांच्या उदाहरणांवरून वर्गाचे सर्वसाधारण चित्र उभे करणे योग्य होणार नाही. मौलवी अब्दुल हक यांच्या 'मरहूम देहली कॉलेज' या ग्रंथात जो तपशील आहे, त्यावरून इंग्रजी विभागाच्या वरच्या वर्गांत मिल्टन, पोप, बेकन यांच्या कृती नेमलेल्या होत्या असे दिसते. म्हणजे अक्षरओळख, स्पेलिंग आणि व्याकरण हे टप्पे ओलांडल्यावर विद्यार्थी जवळजवळ थेट अभिजात वाङ्मयाच्या दाराशी येऊन पोहोचत असे. मधला जो प्रदेश, म्हणजे रोजच्या व्यवहारातले साधे इंग्रजी, त्याला अभ्यासक्रमात स्वतंत्र स्थान नव्हते. जो विद्यार्थी वरच्या वर्गापर्यंत पोहोचला त्याचे काही बिघडले नाही. जो दोन-तीन वर्षांत बाहेर पडला त्याच्या हाती व्याकरणाचे नियम व शब्दांची पाठांतरे उरली; परंतु कचेरीतील चिठ्ठी वाचण्याची क्षमता त्याला आली असेलच असे नाही. वेस्ट यांच्या निकषाने पाहिल्यास या अभ्यासक्रमाची सरेंडर व्हॅल्यू अत्यल्प होती.

येथे लिपीचा मुद्दाही लक्षात घेतला पाहिजे. दिल्लीच्या साक्षर कुटुंबांतील मुलगा, मग तो काश्मिरी पंडित असो, कायस्थ असो वा मुसलमान असो, फारसी-उर्दूच्या नस्तालीक लिपीवर वाढलेला असे. ती उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. ते वाचकाने संदर्भाने भरावयाचे असतात. या मुलाला डोळ्यांची दिशाच बदलावी लागे. याउलट, लिहिलेल्या अक्षरावरून उच्चार नेहमीच सरळ मिळत नाही, या गोष्टीची त्याला सवय होती. मराठी मुलाची स्थिती नेमकी उलट होती. बाळबोध असो वा मोडी असो, दोन्ही लिप्या डावीकडून उजवीकडे जातात. त्यामुळे दिशेची अडचण नव्हती. परंतु जे लिहिले तेच वाचावयाचे ही देवनागरीची शिस्त अंगी मुरलेली असल्याने, एकाच स्वराक्षराचे चार उच्चार आणि न उच्चारली जाणारी व्यंजने त्याला अन्यायाची वाटत. इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याची जी सवय मराठी विद्यार्थ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळते, तिचे मूळ येथे आहे.

दिल्ली कॉलेजचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पौर्वात्य विभागात प्रकटले. फेलिक्स बुत्रो व त्यांच्यानंतर अलॉइस श्प्रेंगर हे प्राचार्य असताना, १८४० च्या दशकात, देशी भाषांत ग्रंथांचे भाषांतर करणारी संस्था येथे कार्यरत होती. गणित, निसर्गविज्ञान, इतिहास, कायदा या विषयांची पुस्तके उर्दूत आली, आणि रामचंद्रांसारखे अध्यापक हे विषय उर्दूतून शिकवू लागले. इंग्रजी वाचता न येणाऱ्यालाही इंग्रजी ग्रंथांतील ज्ञान मिळावे, हा त्यामागील हेतू होता. मुहम्मद हुसेन आझाद, जकाउल्ला व नझीर अहमद ही उर्दू वाङ्मयातील थोर नावे याच संस्थेतून पुढे आली.

नझीर अहमद यांची हकीगत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. मुलाने इंग्रजी शिकण्यापेक्षा तो मेलेला परवडेल, अशी त्यांच्या वडिलांची भूमिका असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले होते. म्हणून कॉलेजात ते अरबी विभागात राहिले. पुढे नोकरीत असताना त्यांनी प्रौढ वयात इंग्रजी आत्मसात केले, आणि १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे उर्दू भाषांतर करणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला. त्यांना इंग्रजी शिकताना आपल्या भाषेतील भक्कम विद्येचा आधार होता, आणि शिकण्याचा हेतूही स्पष्ट होता. शाळेत न शिकलेला हा नवशिका शाळेत शिकलेल्या अनेकांच्या पुढे गेला, याचे कारण या दोन गोष्टींत शोधावे लागते.

१८५७ च्या उठावात कॉलेजची नासधूस झाली आणि अनेक वर्षे ते चालविणारे टेलर मारले गेले. १८६४ मध्ये संस्था पुन्हा सुरू झाली, परंतु १८७७ मध्ये तेथील महाविद्यालयीन वर्ग बंद करण्यात आले. दिल्ली तोवर पंजाब प्रांतात गेली होती आणि उच्च शिक्षणाचे केंद्र लाहोरला सरकले होते. मातृभाषेच्या आधाराने नवे ज्ञान व नवी भाषा शिकविण्याचा दिल्लीतील प्रयोग अशा रीतीने खंडित झाला.

३. 'दर्पण' आणि दोन स्तंभांचे वाचन

महाराष्ट्रात हा आधार वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. मराठीतील पहिले वृत्तपत्र म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु ते द्वैभाषिक होते आणि त्याच्या पृष्ठावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत येत असे, याचा शैक्षणिक अर्थ पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. एकच बातमी दोन भाषांत समोर असताना नवशिका वाचक मराठी स्तंभातून आशय घेतो आणि इंग्रजी स्तंभात तो आशय ओळखू लागतो. शब्दकोश उघडण्याची गरज प्रत्येक ओळीला पडत नाही. शिवाय हा मजकूर ताज्या घडामोडींचा, म्हणजे ज्यात वाचकाला मुळातच रस आहे असा असतो. अभ्यासक्रमात नसलेला तो मधला प्रदेश वृत्तपत्राने काही अंशी भरून काढला, असे म्हणता येते.

याच काळात साधनांचीही सिद्धता होत होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले. स्वभाषेचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या परिभाषेशी जुळते घेऊन मांडले गेल्याने, कर्ता, कर्म, क्रियापद या संज्ञा विद्यार्थ्याला दोन्ही भाषांत एकाच वेळी वापरता येऊ लागल्या. इंग्रजी वाचनाचा उलट परिणाम मराठीच्या पानावरही झाला. थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आज मराठी वाचक ज्या पूर्णविराम, स्वल्पविराम व प्रश्नचिन्हांना आपलीच मानतो, ती मुद्रित इंग्रजीच्या सहवासातून रूढ झाली. 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हेही इंग्रजी शब्द वाचताना व लिहिताना देवनागरीला भासलेल्या उणिवेतून आलेली आहेत.

४. माध्यमाचा वाद व नवशिक्याचे हित

१८४० मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणमंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे पुरस्कर्ते होते. कर्नल जॉर्ज जर्व्हिस देशी भाषांचे. १८४७-४८ च्या सुमारास हा वाद शिगेला पोहोचला, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह मंडळाचे देशी सभासद जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. ही बाजू इंग्रजीविरोधी होती, असे समजणे चुकीचे आहे. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत शंकरशेटांचा मोठा वाटा होता. बहुसंख्य मुले इंग्रजीच्या वरच्या पायरीपर्यंत पोहोचणार नाहीत, म्हणून त्यांना मिळावयाचे ज्ञान त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाचा विचार त्या भूमिकेत अंतर्भूत होता.

दुसऱ्या बाजूस सरकारी नोकरीचे वास्तव होते. लॉर्ड हार्डिंज यांच्या १८४४ च्या ठरावाने नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम मिळाला. यामुळे इंग्रजी वाचनाचे मूल्य वाढले, परंतु ते परीक्षेच्या व प्रमाणपत्राच्या मार्गाने वाढले. ज्या समाजघटकांना आधीपासून विद्येची परंपरा होती, त्यांनाच हा मार्ग सुलभ होता. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणासाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेती, आरोग्य यांची मागणी केली. फुले दांपत्याच्या या दोन भूमिकांत विसंगती नाही. एका बाजूला प्रत्येकाच्या उपयोगी पडेल असे पायाभूत वाचन, आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीवरील मक्तेदारी मोडण्याची इच्छा, अशी ती एकाच विचाराची दोन टोके आहेत. 'वाघिणीचे दूध' ही विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी जोडली गेलेली प्रतिमा इंग्रजी विद्येचे सामर्थ्य सांगते. ते दूध कोणाच्या ओठापर्यंत पोहोचते, हा प्रश्न फुल्यांनी विचारला.

५. पाठमालेची पद्धत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी तयार केलेल्या 'भाषांतर पाठमाला' या तीन भागांच्या पुस्तकाने मराठी नवशिक्याच्या हाती एक टिकाऊ साधन दिले. काही निवडक शब्द, एखादा नियम, त्या नियमावर आधारलेली इंग्रजी वाक्ये मराठीत आणि मराठी वाक्ये इंग्रजीत करण्यासाठी, असा त्याचा पाठ असतो. प्रत्येक पाठ मागील पाठावर उभा राहतो. शिक्षकाच्या इंग्रजी उच्चारांची शुद्धता, किंवा मुळात शिक्षकाची उपस्थिती, यावर पुस्तकाचे यश अवलंबून नव्हते. त्यामुळे शाळेबाहेरच्या, तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या, रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या होतकरू माणसालाही ते वापरता आले. अनेक पिढ्यांनी ते वापरले, आणि शालेय अभ्यासक्रमातून भाषांतरपद्धती मागे पडल्यावरही त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

पाठमालेवरील आक्षेप सर्वश्रुत आहेत. तिची वाक्ये सुटी असतात, त्यांना प्रसंगाचा संदर्भ नसतो, तिच्यातून बोलता येत नाही, आणि विद्यार्थी कायम मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवीत राहतो. हे आक्षेप बव्हंशी खरे आहेत. परंतु त्यांतील बहुतेक आक्षेप बोलण्याच्या संदर्भातील आहेत. वाचनापुरते पाहिले तर, प्रत्येक वाक्याचा अर्थ लागलाच पाहिजे, ही पाठमालेची अट नवशिक्याला एक महत्त्वाची सवय लावते. अर्थ न कळता केवळ अक्षरांचा उच्चार करीत जाणे, ज्याला पुढे अनेक शाळांत 'रीडिंग' म्हटले गेले, ते या पद्धतीत शक्यच नव्हते. शिवाय पहिल्या भागावर थांबलेल्या माणसालाही त्या भागापुरती वाक्ये समजत असत. सरेंडर व्हॅल्यूच्या दृष्टीने ही पद्धत दिल्ली कॉलेजच्या अभ्यासक्रमाहून सरस ठरते.

६. घरातील वर्ग : स्त्रियांचे इंग्रजी वाचन

शाळेचे दार ज्यांना जवळजवळ बंद होते अशा स्त्रियांचे इंग्रजी वाचन घरात घडले, आणि त्याची किंमत त्यांना घरातच मोजावी लागली. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात या प्रक्रियेचे बारकाईने चित्रण आढळते. १८७३ मध्ये विवाह होऊन त्या पुण्यास आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. महादेव गोविंद रानडे यांनी आधी मराठी व नंतर इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मराठी वाचन एक वेळ सहन होई. इंग्रजी हा मात्र उघड मर्यादाभंग वाटे. मिस हरफर्ड या इंग्रज बाई शिकवावयास येऊ लागल्यावर, त्यांच्या स्पर्शामुळे शिकून झाल्यावर स्नान करावे असा आग्रह धरला गेला. इंग्रजीच्या प्रत्येक पाठाला विटाळाचा हिशेब जोडलेला होता. पतीचा आग्रह आणि सासरचा रोष या दोहोंच्या मध्ये राहून हा अभ्यास पुढे नेण्याचे कष्ट रमाबाईंचे होते.

मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी पुण्यात भरलेल्या सभेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजी निवेदन वाचले. निवेदनाचा मजकूर रानडे यांनी लिहून दिलेला होता. म्हणजे हे कृत्य काटेकोर अर्थाने वाचनाचेच होते. परंतु घरी परतल्यावर ज्या कठोर शब्दांना त्यांना तोंड द्यावे लागले, त्यावरून चारचौघांत इंग्रजी वाचणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे स्पष्ट होते. १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल सुरू झाले. एका स्त्रीने घरात गिरविलेली अक्षरे पुढील पिढीच्या शाळेला अशा प्रकारे उपयोगी पडली.

मिस हरफर्ड यांच्याकडेच १८८२ च्या सुमारास पंडिता रमाबाईंनीही इंग्रजीचे पाठ घेतले. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाला. नझीर अहमद यांच्याप्रमाणेच येथेही एका भाषेतील सखोल विद्या दुसऱ्या भाषेच्या मदतीस आली. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. त्यांच्याजवळ शास्त्रविद्येची अशी शिदोरी नव्हती. टपालखात्यात नोकरी करणारे गोपाळराव त्यांना शिकवीत, आणि बदलीच्या प्रत्येक गावी हा घरचा वर्ग नव्याने मांडला जाई. १८८० नंतर न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी सुरू झालेला पत्रव्यवहार हेच आनंदीबाईंचे खरे वाचनपुस्तक म्हणावे लागेल. पत्र हे रोजच्या इंग्रजीचे सर्वांत नैसर्गिक रूप होय. त्यात लिहिणारी व्यक्ती आपली असते आणि समजून घेण्याची निकड खरी असते. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकीय पदवी मिळविली.

या तिन्ही उदाहरणांतील पुढाकाराचे स्वरूप सारखे नाही. पतीच्या इच्छेने आरंभ झालेले शिक्षण आणि स्वतःच्या निश्चयाने हाती घेतलेले शिक्षण यांत फरक केला पाहिजे. गोपाळरावांचा आग्रह प्रसंगी किती कठोर होई, हेही विसरता येत नाही. तरीही अक्षर एकदा आपले झाल्यानंतर त्याचा उपयोग या स्त्रियांनी स्वतःच्या प्रयोजनासाठी केला, हे तिन्ही चरित्रांत समान आहे.

७. वाचन आधी की बोलणे आधी

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून आलेल्या प्रत्यक्ष पद्धतीने भाषांतर त्याज्य ठरविले आणि बोलण्याला अग्रस्थान दिले. मायकेल वेस्ट यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या संदर्भात याला मर्यादा घातली. सामान्य भारतीय विद्यार्थ्याला इंग्रज माणसाशी संभाषण करण्याचा प्रसंग क्वचित येतो. वाचण्याची गरज मात्र पडते. आणि वाचन हे तुलनेने लवकर साध्य होणारे कौशल्य आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यांच्या वाचनमालेत नवे शब्द मोजून व विखरून येत, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटत असे. १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची सामान्य उपयोगाची यादी प्रसिद्ध केली. साधे इंग्रजी म्हणजे तुटके इंग्रजी नव्हे, तर वारंवार लागणाऱ्या शब्दांचे इंग्रजी, हा विचार या कार्यातून स्थिर झाला.

स्वातंत्र्यानंतर धोरणे बदलत राहिली. बाळासाहेब खेर यांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला गेला. १९५४ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेशावर त्या राज्याने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. पुढे महाराष्ट्रात पाचवीपासून इंग्रजी ही घडी दीर्घकाळ राहिली, आणि जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. दिल्लीत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००५ च्या अभ्यासक्रम-आराखड्याने, आणि त्यासोबतच्या इंग्रजी अध्यापनविषयक निबंधाने, मुलाच्या इतर भाषा हे साधन मानावे आणि त्याच्याभोवती समजेल असा भरपूर मजकूर असावा, असा आग्रह धरला. दिल्ली कॉलेजचा उर्दू प्रयोग आणि 'दर्पण'चे दोन स्तंभ ज्या तत्त्वावर उभे होते, त्याच तत्त्वाची ही आधुनिक मांडणी होय.

या साऱ्याचे फलित कितपत आहे? दिल्लीतील 'असर' केंद्राच्या सर्वेक्षणात इंग्रजी वाचनाची चाचणी मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये अशा चार पायऱ्यांनी घेतली जाते. २०२२ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के, तर आठवीच्या मुलांपैकी ४६.७ टक्के मुले सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकत होती. २०१६ च्या पाहणीतही हे प्रमाण जवळपास एवढेच होते. आठवी संपविणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना, वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तक हाताळूनही, चार सोपी वाक्ये वाचता येत नाहीत. शिक्षणाचा आरंभ किती लवकर होतो, यापेक्षा पहिल्या पायरीवर काय हाती लागते, हा प्रश्न आजही निर्णायक आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, ज्या नवशिक्यांना स्वभाषेतील साक्षरतेचा भक्कम आधार होता त्यांचे इंग्रजी वाचन लवकर फळाला आले; नझीर अहमद आणि पंडिता रमाबाई ही त्याची दोन टोकांची, पण एकाच जातीची उदाहरणे आहेत. दुसरी, वृत्तपत्र, पत्र, निवेदन अशा खऱ्या प्रयोजनाच्या मजकुराने नेमलेल्या अभिजात वाङ्मयापेक्षा नवशिक्याला अधिक साथ दिली. तिसरी, अभ्यासक्रम रचणाऱ्यांनी नेहमी शेवटपर्यंत पोहोचणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला, आणि मध्येच थांबणाऱ्याला अपयशी मानले.

दिल्ली शहराच्या रस्त्यांवर आज अनेक फलक हिंदी, इंग्रजी, पंजाबी व उर्दू अशा चार भाषांत उभे आहेत; २००२ पासून धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकांची नावे देवनागरी व रोमन लिपीत शेजारी-शेजारी लिहिलेली असतात. बिहारमधून, बुंदेलखंडातून किंवा विदर्भातून या शहरात कामासाठी आलेला, चार-पाच इयत्ता शिकलेला माणूस ओळखीच्या लिपीच्या आधाराने अनोळखी लिपीतील नाव ताडून पाहू शकतो. औषधाच्या वेष्टनावर, नोकरीच्या करारावर आणि बँकेच्या अर्जावर मात्र हा आधार त्याला बहुधा मिळत नाही, आणि नुकसान होते ते तेथेच. एकोणिसाव्या शतकाने दोन स्तंभांचे पान आणि टप्प्याटप्प्याने चढणारी पाठमाला अशी दोन साधने मागे ठेवली आहेत. शाळा लवकर सोडावी लागलेल्यांसाठी त्या साधनांचा नव्या परिस्थितीत पुनर्विचार होणे, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांपुढील अद्याप अपुरे राहिलेले काम आहे.